मैदान सुटलं, पुढे काय?

माझं माहेर साताऱ्याचं आणि सासर सांगलीचं. त्यामुळे या दोन्ही जिल्ह्यांतल्या लेकींचं कौतुक छापून आलं की मला दुप्पट आनंद होतो. आणि गेल्या काही वर्षांत असे प्रसंग भरपूर आले. माण तालुक्यातल्या मोहीसारख्या दुष्काळी गावातली ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत भारतीय मुलगी दिसायला १९८४ च्या पी. टी. उषानंतर बत्तीस वर्षं जावी लागली होती. साताऱ्याचीच अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला तिरंदाजीत जगज्जेती झाली, तेव्हा ती अवघी सतरा वर्षांची होती. त्याच वर्षी मार्चमध्ये सांगलीत महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरली आणि आपल्या तुंगच्या प्रतीक्षा बागडीने गदा उचलली. पुरुषांची ही स्पर्धा १९६१ पासून चालू आहे. बायकांना त्या गदेपर्यंत पोचायला बासष्ट वर्षं लागली, पण पोचल्या. आणि सांगलीत वाढलेली स्मृती मानधना? नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतीय मुलींनी विश्वचषक जिंकला, त्या रात्री सांगलीत फटाके कुणी वाजवले नाहीत ते विचारा!

हे सगळं छान आहे. पण मला आज बोलायचंय ते या नावांबद्दल नाही, तर त्यांच्या मागे धावणाऱ्या शेकडो मुलींबद्दल. ज्या जिल्ह्याला खेळल्या, विभागाला खेळल्या, फार तर राज्याला खेळल्या, एखाद-दुसरं पदक मिळवलं आणि बावीस-तेवीस वर्षांच्या झाल्यावर ज्यांचं मैदान सुटलं. त्यांचं पुढे काय होतं?

बचत गटांच्या आणि किशोरवयीन मुलींच्या कामानिमित्त माझं गावोगावी जाणं होतं. एका गावात बैठक संपल्यावर एक बाई थांबली. म्हणाली, ‘‘ताई, पोरगी ते रग्बी का काय खेळतीया. सर म्हणत्यात लई चांगली हाय. पण खेळून काय पोट भरतंय व्हय? उद्या लग्नाचं बघताना काय सांगायचं, पोरगी माणसं पाडती म्हणून?’’ आजूबाजूच्या बायका हसल्या. मलाही हसू आलं. पण तिचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. शेतमजुरी करून ती पोरीला बूट घेऊन देत होती, स्पर्धेला जायचं एसटीचं भाडं देत होती, अंडी-दूध चालू ठेवत होती. एवढा खर्च कशासाठी, हे विचारायचा तिला पूर्ण हक्क आहे.

रग्बीचंच उदाहरण घेऊ या, कारण कबड्डी, खो-खो, कुस्ती आपल्या ओळखीचे आहेत, हा खेळ नवा आहे. लंबगोल चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्यांनी पळणाऱ्याला धरून खाली पाडायचं. सातजणींच्या संघाचा सामना अवघ्या चौदा मिनिटांचा, सात-सात मिनिटांचे दोन डाव. २०१६ पासून तो ऑलिम्पिकमध्ये आहे, बायकांचासुद्धा. आपल्या मुलींना तो लवकर जमतो यात नवल नाही. कबड्डीतली पकड आणि खो-खोतला चपळपणा दोन्ही त्यात कामाला येतात. भारताच्या मुलींनी २०१९ मध्ये मनिलाला सिंगापूरला हरवून पंधराजणींच्या रग्बीतला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला. त्या संघात ओडिशातल्या आदिवासी भागातून आलेल्या मुली होत्या. म्हणजे हा खेळ केवळ मोठ्या शहरातल्या श्रीमंत घरांचा राहिलेला नाही.

पण पैशाचं बघाल, तर चित्र वेगळं आहे. इंग्लंडने २०१९ मध्ये आपल्या अठ्ठावीस महिला रग्बीपटूंना पूर्णवेळ पगारी करार दिले. त्याचं फळ २०२५ मध्ये दिसलं. लंडनमध्ये महिला विश्वचषकाचा अंतिम सामना बघायला ८१ हजारांहून अधिक लोक आले आणि इंग्लंडने चषक जिंकला. आपल्याकडे जून २०२५ मध्ये मुंबईत रग्बीची पहिली व्यावसायिक लीग झाली, ती पुरुषांची. मुलींसाठी भारतात खेळून पोट भरण्याची सोय मुख्यतः क्रिकेटमध्ये आणि तीही मोजक्याच जणींना आहे. स्मृतीला २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीगच्या लिलावात ३ कोटी ४० लाख मिळाले. आपण तिच्याकडे बघून सगळ्या खेळांचा हिशेब करायला गेलो, तर फसगत ठरलेली.

मग खेळाडूला पुढे आधार कशाचा? आपल्या भागात याचं एकच उत्तर वर्षानुवर्षं दिलं जातं, ते म्हणजे सरकारी नोकरी. आणि ते खोटं नाही. राज्य सरकारने २००५ पासून शासकीय आणि निमशासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण ठेवलं आहे. पोलीस भरतीत, तलाठी भरतीत कितीतरी मुली या वाटेने लागल्या. आंतरराष्ट्रीय स्तरावर चमकणाऱ्यांना थेट नियुक्तीही मिळते. ललिता बाबर आधी रेल्वेत होती, मग राज्य सरकारने तिला उपजिल्हाधिकारी म्हणून घेतलं. दुष्काळी माणातली एक मुलगी पायांच्या जोरावर त्या खुर्चीत बसली, याचं मोल मी कमी लेखणार नाही.

मात्र या वाटेच्या दोन गोष्टी नीट समजून घ्यायला हव्यात. पहिली म्हणजे पाच टक्के म्हणजे शंभरात पाच. मैदानावरच्या शंभर मुलींपैकी बहुतेकींना ही वाट मिळणार नाही, हे साधं गणित आहे. कुठल्या खेळाचं, कुठल्या पातळीवरच्या स्पर्धेचं आणि कितव्या क्रमांकाचं प्रमाणपत्र चालतं, याचे नियम ठरलेले आहेत. पद जितकं वरचं, तितकी स्पर्धा वरची लागते. त्या प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी करून घ्यावी लागते. मध्यंतरी बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं उघडकीला आली, तेव्हापासून तपासणी कडक झाली. ते योग्यच झालं. पण त्यात खऱ्या खेळाडू मुलींची धावपळ वाढली. एका मुलीचा मूळ कागद शाळेच्या कपाटात राहिला होता, मुख्याध्यापक बदलून गेले आणि ती वर्षभर हेलपाटे घालत होती. भरतीची तारीख काही तिच्यासाठी थांबली नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ही नोकरी मुलीला खेळातून बाहेर काढते. चांगली कबड्डीपटू पोलीस होते, चांगली धावपटू कारकून होते. तिचं आणि तिच्या घरचं भलं होतं. पण दहा-बारा वर्षं घाम गाळून तिने जे कमावलं, ते ज्ञान पुढच्या पोरींपर्यंत पोचत नाही. खेळामुळे नोकरी मिळते, पण खेळात नोकरी मिळत नाही, असा हा प्रकार आहे.

याचे परिणाम आम्ही गावात रोज बघतो. मुलगी चौदा-पंधरा वर्षांची झाली की आई-वडील पहिला प्रश्न विचारतात, ‘‘शिकवायला बाई हाय का?’’ बहुतेक ठिकाणी उत्तर ‘नाही’ असंच येतं. शिकवणारे सर कितीही भले असले, तरी पाळीचा त्रास, कपड्यांची अडचण, परगावी मुक्काम या गोष्टी मुलगी त्यांच्याशी मोकळेपणी बोलू शकत नाही. २०२३ मध्ये दिल्लीत जंतरमंतरवर देशाच्या नामवंत महिला कुस्तीगीर बसल्या होत्या, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. त्यानंतर कितीतरी आयांच्या मनात भीती बसली. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा क्रीडा संस्था आणि मैदानांनाही लागू आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. पण कायदा भिंतीवर लावून भागत नाही. मैदानात विश्वासाची बाई उभी असणं, हे त्याहून मोठं संरक्षण आहे. आणि ती बाई येणार कुठून? कालच्या खेळाडूंमधूनच ना!

थोडं मागे वळून बघू. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यांना तिकडे पाठवायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं होतं. परत आल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार झाले आणि सत्तावीस वर्षं नोकरी केली. तरीही निवृत्तीनंतर पेन्शनसाठी झगडावं लागलं, शेवटचे दिवस ओढगस्तीत गेले आणि १९८४ मध्ये अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. आता त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. हार घालायला आपण कधीच कमी पडलो नाही. पण ज्याच्याकडे ऑलिम्पिकच्या आखाड्याचा अनुभव होता, त्या माणसाकडून पुढच्या पिढ्या घडवून घ्यायची व्यवस्था आपण उभी केली का? पुरुषाचं, तेही पदकविजेत्याचं हे झालं, तर राज्याला खेळलेल्या खेड्यातल्या पोरीचं कोण बघणार?

आता खेळातच राहून काय काय करता येतं ते पाहू. ही यादी वाटते तेवढी छोटी नाही. प्रशिक्षक, पंच, फिजिओथेरपिस्ट, व्यायाम आणि ताकदीचं प्रशिक्षण देणारी, आहारतज्ज्ञ, स्पर्धेची व्यवस्थापक, शारीरिक शिक्षणाची शिक्षिका. पुण्याची वाहबिझ भरूचा हे नाव मैत्रिणींनो, तुम्ही लक्षात ठेवा. ती भारतीय महिला रग्बी संघाची कर्णधार होती आणि व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे. मैदानात गुडघा कसा दुखावतो हे जिने स्वतः अनुभवलंय, तिच्या हाती आपला गुडघा द्यायला खेळाडू बिचकत नाही. आपल्या आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा सचिन खिलारी पाहा. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये त्याने गोळाफेकीत रौप्यपदक जिंकलं. तो इंजिनीअर आहे आणि स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना शिकवतही आला आहे. दोघांचा धडा एकच. दुसरा पाय रोवायचा तो खेळ चालू असतानाच, संपल्यावर नाही.

आणि इथेच आपल्या मुली फसतात. खेळणाऱ्या मुलीने दहावीनंतर आर्ट्स घ्यायचं, म्हणजे सरावाला वेळ मिळतो, असा आपल्याकडे जणू नियमच आहे. मी स्वतः आर्ट्सची, त्या शाखेला नावं ठेवणार नाही. पण फिजिओथेरपीला जायचं तर बारावीला जीवशास्त्रासह सायन्स लागतं आणि नीट परीक्षा द्यावी लागते. म्हणजे वयाच्या सोळाव्या वर्षी, कुणी काही न सांगता, एक दार बंद झालेलं असतं. आर्ट्सवाल्या मुलीला पुढे बी.पी.एड. करता येतं, त्याची प्रवेश परीक्षा असते. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षकाचा डिप्लोमा आहे. रग्बीच्या जागतिक संघटनेचे प्रशिक्षक, पंच आणि मैदानावरच्या प्रथमोपचाराचे अभ्यासक्रम आहेत, त्यातले बरेचसे घरबसल्या करता येतात. अडचण इंग्रजीची येते. पण गावातली एखादी शिक्षिका शेजारी बसली, तर ती दूर होते.

केंद्र सरकारनेही २९ ऑगस्ट २०२४ ला, राष्ट्रीय क्रीडा दिनी, निवृत्त खेळाडूंसाठी ‘रीसेट’ नावाचा उपक्रम सुरू केला. वीस ते पन्नास वयाचे, स्पर्धात्मक खेळातून निवृत्त झालेले खेळाडू त्यासाठी पात्र धरले. बारावी झालेल्यांसाठी वेगळा आणि अकरावी किंवा त्याहून कमी शिकलेल्यांसाठी वेगळा, असे दोन स्तर ठेवले. राज्य पातळीवर पदक मिळवलेल्यांनाही त्यात जागा ठेवली. ग्वाल्हेरची शारीरिक शिक्षण संस्था त्याची मुख्य संस्था. कल्पना चांगली आहे. लग्न होऊन दोन मुलांची आई झालेली, अकरावीत शाळा सुटलेली एखादी जुनी खो-खोपटूही त्यात बसू शकते. पण माझ्या फिरण्यात मला भेटलेल्या एकाही माजी खेळाडू बाईने त्याचं नाव ऐकलेलं नव्हतं. योजना दिल्लीत जन्माला येते आणि गावच्या वेशीवर येईपर्यंत दमून जाते.

शिक्षण झालं तरी नोकरी कुठे, हा प्रश्न उरतोच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात म्हटलंय की सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर मुलं असतील, तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक हवेत. आपल्या जिल्हा परिषद शाळांमध्ये डोकावून बघा, खेळाचा तास कोण घेतं ते. बहुतेक ठिकाणी गणिताचे गुरुजीच शिट्टी वाजवतात, तीही पोर्शन संपला असेल तर. जिल्हा नियोजनातून व्यायामशाळांना अनुदान मिळतं, क्रीडांगण सपाट करायला मिळतं, साहित्याला मिळतं. त्याच्या उद्घाटनाचे फलक झळकतात. पण त्या व्यायामशाळेत सकाळ-संध्याकाळ उभं राहून मुलींना शिकवणाऱ्या बाईचा पगार कुठल्या खात्यातून द्यायचा, हे कुणी विचारत नाही. मग कुलूप लागतं, आणि साहित्यावर धूळ बसते. लोखंडाला पैसे आहेत, माणसाला नाहीत.

माझं म्हणणं इतकंच आहे की एका पंचक्रोशीत एका माजी महिला खेळाडूला मानधनावर नेमा. पाच-सहा शाळा वाटून द्या. ग्रामपंचायत, साखर कारखाना, पतसंस्था, दूध संघ, आपल्या दोन्ही जिल्ह्यांत यांची काही वानवा नाही. जत्रेतल्या कुस्त्यांच्या मैदानाला लाखाचं इनाम लावणारी आपली गावं आहेत. त्यातला थोडा हिस्सा वर्षभर शिकवणाऱ्या एका मुलीला मिळाला, तर बिघडणार नाही. कुणी म्हणेल, हे दानधर्माचं झालं. मी म्हणते, नाही. अंगणवाडी सेविका, आशा सेविका या कामांनी खेड्यातल्या बायकांना घराबाहेरची ओळख दिली. मानधन तुटपुंजं आहे, त्यासाठी त्यांना रस्त्यावर उतरावं लागतं, हेही खरं. म्हणून क्रीडा सेविका नेमताना तीच चूक नको. काम पक्कं हवं आणि मोबदलाही पोटापुरता हवा.

संघटनांच्या खुर्च्यांचाही विचार व्हायला हवा. जिल्ह्याच्या क्रीडा संघटनांचे फलक वाचले तर अध्यक्ष, सचिव, खजिनदार सगळे पुरुष, आणि त्यातले कितीजण कधी मैदानात उतरले होते, देव जाणे. २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. त्यानुसार राष्ट्रीय क्रीडा संघटनांच्या कार्यकारिणीत किमान चार महिला आणि नामवंत खेळाडू असणं बंधनकारक केलं. हा पाझर जिल्ह्यापर्यंत यायला हवा. नाहीतर पंचायतीत आरक्षण आल्यावर सुरुवातीला जसे ‘सरपंचपती’ कारभार हाकत होते, तसे उद्या ‘अध्यक्षपती’ दिसतील.

सरकारवर सगळं ढकलून आपण मोकळ्या होऊ शकत नाही. घरात काही गोष्टी आजपासून करता येतील. मुलगी खेळत असेल तर एक फाइल करा. प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र, त्याची झेरॉक्स, तारीख, ठिकाण, संघाची यादी त्यात लावा. दहावीच्या निकालाआधी तिच्याशी बसून बोला की खेळाबरोबर पुढे काय जमेल, कशाची आवड आहे. खेळत असतानाच तिला पंचाची परीक्षा द्यायला सांगा, सुट्टीत लहान मुलांना शिकवायला लावा. कोण जाणे, तिला पळण्यापेक्षा पळवण्यातच जास्त गोडी वाटेल! दुखापत झाली तर तेल चोळून झाकू नका, योग्य डॉक्टरांना दाखवा. कारण तो गुडघा तिला साठीपर्यंत वापरायचा आहे. आणि लग्न ठरवताना तिचा खेळ लपवू नका. ‘पूर्वी खेळायची, आता सोडलं’ असं सांगून जे घर मिळतं, तिथे तिला पुन्हा मैदानावर जायची परवानगी मागावी लागते.

हे सासूबाईंनाही सांगायचंय. सून संध्याकाळी दोन तास शाळेच्या मैदानावर मुलींना शिकवायला जाते, म्हणजे ती हुंदडायला जात नाही. शिकवणीला जाणाऱ्या सुनेचा जो मान, तोच तिचा. आपल्या वेळी आपण घागरी डोक्यावर घेऊन मैलभर चालायचो, त्या ताकदीला कुणी पदक दिलं नाही. आताच्या मुलींच्या ताकदीला पदक मिळतंय, तर पगारही मिळू द्या.

रग्बीचा एक नियम मला फार आवडतो. चेंडू घेऊन पळायचं पुढे, पण हाताने द्यायचा तो मागून येणाऱ्या गड्याकडेच. पुढे फेकलेला चालत नाही. आपल्या गावातल्या जुन्या खेळाडू आज कुठे आहेत, याची एकदा चौकशी करा. कुणी शेतात असेल, कुणी चुलीपुढे, कुणी दुकानात. त्यांच्या हातात अजून चेंडू आहे आणि मागून पोरी पळत येताहेत. येत्या ग्रामसभेत हा विषय मांडायला आपल्यातल्या चारजणी उठून उभ्या राहिल्या, तरी सुरुवात होईल.